पाणी न विचारण्याची रीत

माझ्या थोरल्या बहिणीला तांड्यावरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आईने एकच अट घातली. तिथले पाणी प्यायचे नाही.

आमचे गाव पुसदहून महागावकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत होते. कापसाची आणि तुरीची शेती होती. वडील गेल्यापासून ती बटाईने दिलेली होती. ताई लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विधवा होऊन घरी परतली. ती सातवी पास होती. यवतमाळला राहून तिने शिक्षकाचे ट्रेनिंग पुरे केले. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्यानंतर लवकरच जनपद सभेच्या शाळांत काही जागा भरल्या गेल्या. ताईला माळापलीकडच्या तांड्याची शाळा मिळाली. मी त्या वेळी पुसदच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासत होतो आणि सुट्टीच्या दिवशी घरी येत होतो. पुढची सगळी वर्षे वर्तमानपत्रांत गेली. इथे लिहिलेल्यापैकी काही मी पाहिले आहे, काही ताईने सांगितले, काही आईने. जिथे आठवते तिथे कोणते कुणाचे ते लिहिले आहे.

तांड्यातल्या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. रेल्वे आणि मोटारी आल्यावर तो धंदा बसला. आमच्या वेळेपर्यंत ते आमच्यासारखीच पऱ्हाटी पेरत होते, त्याच बाजारात कापूस विकत होते. आपसात त्यांची बोली बोलत, आमच्याशी वऱ्हाडी. व्यवहार सगळा होता. आमच्या घरातल्या बायका मात्र त्यांच्या हातचे पाणी पीत नसत. पुरुषांना ही बंदी नावापुरती होती. बाई बाहेरून येऊन चुलीपाशी जाते, देवाच्या भांड्यांना हात लावते, म्हणून नियम तिच्यासाठी होता.

अट घातली गेली त्या दिवशी मी घरी होतो.

"सकायपासून दुपारपर्यंत बिनपाण्याची राहू काय मी?" ताईने विचारले.

"चहा पेत जा," आई म्हणाली.

"चहा चालते अन् पाणी नाही चालत?"

"चहा उकयते. त्यात दूध पडते. त्याले काही होत नाही."

"अन् चहातलं पाणी कोणाचं राहते माय? आपल्या घरून जाते काय?"

"मास्तरीण तू तिकडची. मले नको शिकवू. तुह्या मामाच्या घरीबी असंच हाय."

मामाच्या घरी खरेच तसे होते. आजूबाजूच्या बऱ्याच घरांत होते. चहा आमच्या भागात येऊन फार काळ झाला नव्हता. जुन्या नियमांत त्याचे नाव नव्हते, त्यामुळे तो कुठेही चालत असे. पाण्याला मात्र नियम होते. शिवाय चहाने तहान मरते, अंगाला तरतरी येते, असे सगळेच मानत. उन्हात राबणारा माणूस पाणी जास्त प्यायला तर पोट जड होऊन आडवा पडतो, चहा प्यायला तर उभा राहतो, असे आई नेहमी सांगे. ताई हसली आणि तिने अट कबूल केली. दुसरी नोकरी मिळणार नव्हती आणि घरात बसून राहायची तिची तयारी नव्हती.

शाळा नायकाच्या घराच्या ओसरीत भरे. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. पहिल्या दिवशी त्याच्या बायकोने ताईला बसायला घोंगडी टाकली आणि गुळाचा चहा दिला. कपबशी नवी होती, पुसदच्या बाजारातून मुद्दाम आणलेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरून चहा आला. तिसऱ्या दिवशी आणखी एका घरून. काही दिवसांत ती पाळीच होऊन गेली. शाळा भरताना एक चहा, मधल्या सुट्टीत एक, सुटताना एक. कुणाचा बाप मुलाचे नाव घालायला आला की चहा. कुणाच्या घरी गाय व्याली की त्या दुधाचा चहा. ताई एकाही घराचा चहा परत पाठवत नसे. परत पाठवला तर त्या घराला काय वाटेल, हे तिला सांगावे लागत नव्हते.

पाणी कुणी विचारले नाही. ही गोष्ट मला तिच्या नोकरीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात कळली. आई मामाकडे गेली होती आणि घरची किल्ली ताईकडे राहिली होती म्हणून मी सायकलने तांड्यावर गेलो. शाळा सुटत आली होती. माळावर सावली नव्हती आणि माझा घसा कोरडा पडला होता. ओसरीत पाय ठेवताच मी पाणी मागितले.

नायकाची बायको दारात उभी होती. पन्नाशीची, उंच, हातभर बांगड्या घातलेली बाई. तिने आधी ताईकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तुमाले चालते काय बापू?"

"तहान लागली की चालते," मी म्हणालो.

तिने तांब्या भरून आणला. मी वरून ओतून अर्धा संपवला. ती ताईकडे वळून म्हणाली, "बाई, पाहा वो, तुमचा भाऊ तर बाटला! आता घरात घेत नाही तुमची याडी याले." याडी म्हणजे आई. मुले हसली. ताईही हसली. तिने खाली पाहून पाट्या गोळा केल्या. तिच्यासमोर चहाची बशी होती, आणि तांब्या माझ्या हातात होता.

ताई पोरांच्या रांगा लावत असताना मी त्या बाईला हळूच विचारले, "बाईले पाणी नाही देत तुम्ही?"

"कसं द्यावं?" ती म्हणाली. "इचारलं तर बाईले नाही म्हणा लागन. दहा जणाईसमोर नाही म्हणाची पाळी काहून आणावी तिच्यावर? म्हणून आमी इचारतच नाही. चहा देतो. चहाले ते नाही म्हणत नाही."

परतताना माळावर मी ताईला म्हटले की तू घरून पाणी नेत जा, फिरकीचा तांब्या मी पुसदहून आणतो.

"अन् तिथं बसून काढू कसा तो?" ती म्हणाली. "त्याइच्या ओसरीत बसून आपल्या घरचं पाणी प्यावं म्हणजे त्याइच्या तोंडावर सांगनं झालं, तुमचं मले चालत नाही म्हणून. आता निदान कोणी बोलत तर नाही."

"मग त्यांचंच पी. मायले सांगतं कोण?"

"मीच सांगन," ती म्हणाली. "मले खोटं बोलता येत नाही. अन् शब्द देल्ला हाय."

आईने दिलेला नियम, ताईने दिलेला शब्द, तांड्याने न विचारण्यात दाखवलेली अदब, या तिन्हींत वाईट हेतू कुणाचाही नव्हता. तिन्हींमुळे ताई सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याविना राहत होती.

दुसरेही एक कारण होते. ते तिने मला कधी सांगितले नाही. आईला सांगितले होते. तांड्याभोवती सगळा उघडा माळ. झुडूप म्हणावे असे काही नाही. पोरे दिवसभर आजूबाजूला. तांड्यातल्या बायका पहाटे अंधारात जाऊन येत. मास्तरीणबाईंनी भर दिवसा तांब्या घेऊन माळावर जाणे शक्य नव्हते. पाणी नाही प्यायले तर जावे लागत नाही, हे तिच्या लवकर ध्यानात आले. त्यामुळे आईची अट तिला सोयीची वाटू लागली. ती सकाळी घरून निघतानाही पाणी पिईनाशी झाली.

दुपारी घरी आली की ती रांजणाकडे जाई. आई तिला थांबवी. उन्हातून आल्याआल्या पाणी प्यायले तर ते बाधते, म्हणून आधी गुळाचा खडा, मग थोडा दम, मग पाणी. तोवर आई चहा ठेवी. चहा झाला की तहान बरीचशी गेलेली असे. हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे आणि त्यात मला काही वावगे दिसले नाही. आमच्याकडे सगळीच माणसे असे करत.

त्रास सुरू झाला तेव्हा त्याला नाव होते. उन्हाळी लागली. लघवीला आग होते, ऊन बाधले की तसे होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. आईने धने-जिरे रात्री भिजत घालून त्याचे पाणी सकाळी द्यायला सुरुवात केली. गोखरूचा काढा दिला. दिवाळीच्या सुट्टीत ताई घरी राहिली आणि बरी झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीतही बरी झाली. शाळा सुरू झाली की पुन्हा आग, पुन्हा कंबर धरणे. सुट्टीत बरे वाटते म्हणजे चालण्याचा त्रास आहे, असा अर्थ घरात लावला गेला. आईने तिच्यासाठी छत्री मागवली.

महाराष्ट्र राज्य झाले त्या सुमारास ताईला थंडी वाजून ताप येऊ लागला. कुशीतून कळ उठे आणि मांडीपर्यंत जाई. अशा कळेत ती एकदा तांड्याच्या ओसरीत आडवी झाली. नायकाने बैलगाडी जुंपून तिला घरी पोचवले. आईने गाडीवाल्यांना चहा दिला. दोन दिवसांनी मी तिला आणि आईला घेऊन यवतमाळला गेलो.

डॉक्टर आमच्या भागातले नव्हते. ते शांतपणे विचारत होते.

"दिवसभरात पाणी किती पिता?"

ताईने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "चहा पेते ना ते. लय चहा पेते. कोणाच्या चहाले नाही म्हणत नाही."

"मी पाण्याचं विचारतोय, आजी."

"चहात पाणीच राहते, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एक्स-रे काढायला लावला. दोन्ही बाजूंना मुतखडे होते. उजवीकडचा मोठा होता. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला सांगितलेले मी जवळजवळ त्यांच्याच शब्दांत लिहितो. "चहाने हे झालं असं मी म्हणत नाही. खडे दहा कारणांनी होतात. पण या हवेत इतकी वर्षं पाणी इतकं कमी, आणि लघवी तासन् तास अडवून धरायची, हे शरीर सोसत नाही. चहा मिळत गेला म्हणून पाणी मिळत नाहीये हे तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही."

त्यांनी औषधे दिली, चहा बंद करायला सांगितले आणि पाणी भरपूर प्यायला सांगितले. आई मला बाहेर म्हणाली, "पाणी कायचं औषध? एवढ्या लांब आलो अन् पाणी पेवाले सांगते."

पण तिने ऐकले. फिरकीचा तांब्या तिनेच आणवून घेतला आणि रोज सकाळी स्वतः भरून ताईच्या पिशवीत ठेवला. ताई तो नेई. माळाच्या मध्यावर एक पळस होता. तिथे थांबून ती जाताना थोडे पाणी पिई आणि येताना उरलेले. तांड्यात तांब्या पिशवीतून बाहेर निघत नसे. चहा बंद करायला सांगितले आहे, हेही तिने तिथे सांगितले नाही. घरोघरची पाळी पूर्वीसारखी चालू राहिली. हे मला तिनेच एका रविवारी सांगितले. मी चिडलो. ती म्हणाली, "त्या पोराइच्या माया पहाटे उठून दूध राखून ठेवतात. मी काय सांगू त्याइले, तुमच्या चहानं मी बिमार पडली म्हणून?"

"त्यांना पाणी माग."

"आता मांगितलं तर म्हणतीन, एवढी वर्सं काहून नाही मांगितलं? त्याचं काय सांगू?"

बदली मागावी असे मी सुचवले. ती तयार नव्हती. तिच्या हातून तांड्यातली पहिली मुलगी चौथी पास झाली होती. बाई बदलली तर मुली शाळेतून निघतील, असे तिला वाटत होते. ते खरेही असावे.

जनपद सभा जाऊन जिल्हा परिषद आली. शाळेला पत्र्याचे छप्पर मिळाले. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात ताईच्या पायांवर सूज आली. मग तोंडावर. सकाळी डोळे उघडता येत नसत. जेवण नकोसे झाले, ओकाऱ्या होऊ लागल्या, चार पावले चालून धाप लागू लागली. लघवी जवळजवळ थांबली. आम्ही पुन्हा यवतमाळला गेलो. त्याच डॉक्टरांनी तपासले आणि दाखल करून घेतले. दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, असे त्यांनी मला सांगितले. त्या काळी आमच्या आवाक्यात यावर इलाज नव्हता. पथ्य होते. मीठ पूर्ण बंद. आणि पाणी अगदी मोजके.

हे दुसरे आईला पटेना. "मांगं म्हणे लय पाणी पाजा. आता म्हणे पाजू नका. एकाच माणसाचं बोलनं हाय ना हे?"

डॉक्टरांनी तिला समजावले. पाणी बाहेर जायची वाट बंद झाली आहे. जास्त दिले तर ते छातीत साचेल आणि श्वास कोंडेल. आईला त्यातले एवढेच कळले की जास्त पाणी दिले तर मुलगी मरेल. तिने दवाखान्यातला खुणेचा पेला स्वतःकडे ठेवला. दिवसाचे पाणी तिच्या हातून मोजले जाऊ लागले. खुणेच्या वर एक थेंब जात नसे. मधल्या वेळात ती ओल्या फडक्याने ताईचे ओठ पुसत असे.

ताईला तहान फार लागे. तिची जीभ कोरडी होऊन शब्द नीट उमटत नसत. शेजारच्या खाटेवरची बाई पाणी पिऊ लागली की ती तिकडे पाही. एकदा ती म्हणाली, "माय, अजून घोटभर दे."

"नाही बाई. डॉक्टरनं मना केलं."

"तू नियमाची लय पक्की," ताई म्हणाली.

आई उठून फडके पिळायला बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

ताई पुन्हा येणार नाही अशी बातमी तांड्यावर पोचली होती. नायकाची बायको आमच्या गावी घरी येऊन गेली. घराला कुलूप होते. शेजारणीने तिला सगळे सांगितले. पाणी न पिण्याने दुखणे लागले, हेही सांगितले. दुसऱ्या दिवशी ती मोटारीने एकटी यवतमाळला आली. त्याआधी ती महागावच्या पलीकडे मोटारीने गेली नव्हती. तिच्या हातात तांब्याचा लोटा होता. त्याचे तोंड फडक्याने घट्ट बांधलेले होते. सबंध वाटेत तिने तो मांडीवर धरून ठेवला होता. तिचा घागरा गुडघ्यांपाशी ओला झाला होता.

ती खाटेपाशी खाली बसली.

"बाई, काहून नाही सांगितलं वो?" ती म्हणाली. "आमाले वाटे तुमाले चालत नाही. एकडाव तरी मांगाचं ना. सोन्यासारखं पाणी हाय आमच्या हिरीचं."

ताईने तिचा हात धरला.

त्या बाईने लोट्याचे फडके सोडले. आई पटकन पुढे झाली. "नको. डॉक्टरनं पाण्याले मना केलं."

नायकाची बायको आईकडे पाहत राहिली. त्या दोघी तेव्हा पहिल्यांदा समोरासमोर आल्या होत्या.

"एवढ्या वर्सानं आणलं," ती म्हणाली, "अन् आताबी नाहीच म्हणता?"

"मी नाही म्हणत वो माय," आई म्हणाली. "ह्याले इचारा. डॉक्टर म्हणते."

मी सांगितले की खरेच डॉक्टरांनी मनाई केली आहे. तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. डॉक्टर हे निमित्त आहे आणि नियम जुनाच आहे, असे तिला वाटले असावे. तिच्या जागी दुसऱ्या कुणालाही तसेच वाटले असते. तिने फडके पुन्हा बांधले आणि लोटा खाटेखाली ठेवला. परत जायची मोटार निघून गेली तरी ती गेली नाही. आईने तिला आपल्या चटईवर जागा दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आले. त्यांनी ताईची नाडी पाहिली, छाती ऐकली, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. ती गुंगीत होती. मधेच जागी होत होती. त्यांनी आईला विचारले, "पाणी मागतात का?"

"सारखं मांगते. पण मी नाही देल्लं साहेब. खुणेच्या वर नाही देल्लं."

"आता द्या," डॉक्टर म्हणाले. "मागतील तेवढं द्या. चहा मागितला तर चहा द्या."

मी त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात गेलो. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "आता पथ्य ठेवून काही उपयोग नाही." आणि पुढच्या खोलीत गेले.

मी परत आलो तेव्हा आईचा चेहरा बदललेला होता. गेल्या कित्येक दिवसांत मी तो तसा पाहिला नव्हता. ती मला म्हणाली, "पाह्यलं? उतरलं वाटते दुखनं. पाणी द्या म्हणते." मग ती नायकाच्या बायकोकडे वळली. "कुठी हाय तो लोटा? सोड फडकं. तूच पाज तिले. तूच आणलं ते."

मी खाटेखालून लोटा काढून दिला.

नायकाच्या बायकोने ताईच्या मानेखाली हात घालून तिला थोडे उठवले आणि लोटा तिच्या ओठांना लावला. ताई हळूहळू प्यायली. घोट घेई, थांबे, श्वास गोळा करी, पुन्हा घोट घेई. काही पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळले. आई पदराने ते टिपत होती आणि म्हणत होती, "पे बाई, पे. हाय अजून."

"मोठ्या हिरीचं?" ताईने विचारले.

"मोठ्या हिरीचं बाई."

"गोड हाय," ताई म्हणाली.

डॉक्टर आईशी बोलत होते तेव्हा ती जागी होती. तिने ते ऐकले होते, याची मला खात्री आहे. त्याचा अर्थ तिला कळला होता का, हे मी सांगू शकत नाही. ती वाचणारी, समजणारी बाई होती. आई आनंदात बोलत असताना ती आईकडे पाहत होती आणि तिने आईला काही सांगितले नाही. नंतर तिने आणखी दोनदा पाणी मागितले आणि दोन्ही वेळा तिला मिळाले. संध्याकाळपासून तिला श्वास घेणे कठीण झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

शाळेवर पुढे बाभुळगावकडचे एक गुरुजी आले. त्यांनी पहिल्याच दिवशी घोंगडीवर बसता बसता पाणी मागितले, असे नायकाने मला बाजारात सांगितले. तांड्यात त्याची चर्चा झाली नाही. चौथी पास झालेल्या त्या मुलीनंतर काही वर्षे तिथली एकही मुलगी चौथीपर्यंत पोचली नाही.

आई त्यानंतर बरीच वर्षे होती. नायकाची बायको बाजाराच्या दिवशी आमच्याकडे येऊन बसू लागली. आई तिला पाणी देई आणि तिच्याकडे गेली की तिथले पीत असे. घरात कुणी त्यावर बोलले नाही. कुणी पाहुणा आला आणि ताईची चौकशी निघाली की आई एकच हकीकत सांगे. "शेवटी बरी झालती ते. डॉक्टरनं सोता सांगितलं, द्या पाणी म्हणून. पोटभर पेली. मंग एकाएकी काय झालं, देवाले ठाव."

नायकाची बायको समोर असली तर तीही म्हणे, "हो ना. मीच पाजलं. बरी झालती."

मी कधी घरी असे, कधी नसे. असलो तरी त्या हकीकतीत मी एक शब्द बदलला नाही.